पालवी लवकर फुटली म्हणून जंगल जास्त वाढतं का?

तुम्ही विचारलंय की हवामान बदलामुळे झाडांना पालवी लवकर फुटू लागली आहे, वाढीचा हंगाम लांबतो आहे, तर मग जंगलं जास्त वाढून जास्त कार्बन शोषणार नाहीत का? माझं उत्तर, बहुतेक ठिकाणी नाही. पान फुटणं आणि खोडात लाकूड भरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाला पाणी लागतं.

आधी थंड देशांचं सांगतो, कारण मोजमाप तिथे जास्त झालंय. अमेरिकेत व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्समधल्या दोन पानझडी जंगलांत 440 झाडांच्या खोडांना धातूच्या पट्ट्या बांधून वर्षानुवर्षं घेर मोजला गेला. 2022 साली तो अभ्यास 'नेचर'मध्ये आला. वसंत उबदार असला की झाडं वाढायला लवकर लागत, वाढीचा जोरही लवकर येई. पण वर्षाअखेर लाकूड जवळपास तेवढंच. 108 जंगलांमधल्या झाडांच्या वलयांतूनही (खोडात दरवर्षी भरणाऱ्या लाकडाच्या कड्यांतूनही) तेच दिसलं. युरोपात 2018 साली तर लवकर आलेल्या हिरवाईने जमिनीतली ओल आधीच पिऊन टाकली आणि उन्हाळ्यातला दुष्काळ त्यामुळे आणखी जाचला. शरद ऋतू उबदार राहण्याचाही तोटा असतो. दिवस लहान झाल्यामुळे पानांना उजेड कमी मिळतो, पण ऊब असल्याने झाडांचं श्वसन आणि मातीतलं कुजणं चालूच राहतं. आत येणाऱ्या कार्बनपेक्षा बाहेर जाणारा वाढतो.

आता आपल्याकडे या. मी चंद्रपूर जिल्ह्यात वाढलो, म्हणून हे मनापासून लिहितोय. आपल्या जंगलात हंगाम थंडीच्या नव्हे, पाण्याच्या हातात आहे. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, मोह मार्च-एप्रिलमध्ये, आणि कुसुमाची लालभडक पालवी ऐन उन्हात येते, पावसाचा थेंब नसताना! खोल मुळांतलं आणि खोडात साठलेलं पाणी ती झाडं वापरतात, आणि वाढत जाणारा दिवस त्यांना इशारा देतो असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. साग तेवढा सावध आहे. तो पाऊस तोंडावर येईपर्यंत बहुधा उघडाच उभा असतो. पण लाकूड? ते मुख्यतः पावसाळ्यातच भरतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातल्या सागाच्या 523 वर्षांच्या वलयांत दुष्काळाच्या खुणा वाचल्या आहेत. पाऊस कमी, तर वलय अरुंद. उत्पादकतेचा हिशोब लाकडातच लिहिलेला आहे.

म्हणून आपल्याकडे नुसतं 'पाऊस कधी आला' विचारून भागत नाही, तो आल्यावर टिकला का हेही बघावं लागतं. 2025 मध्ये मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला, आणि मग जवळजवळ अडीच आठवडे पुढे सरकायचा थांबला. असा खंड मोठ्या झाडाला फारसा जाणवत नाही, पण पहिल्या सरीवर रुजलेलं रोप त्यात मरतं. ती खोट त्या वर्षीच्या वाढीत दिसणार नाही, वीस वर्षांनी जंगलात दिसेल.

शेवटाकडचंही बदललं आहे. भारतीय हवामान विभागाने 2020 मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा वायव्य भारतातून परतीची तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर गेली. परतीचा पाऊस रेंगाळला तर पानं जास्त दिवस हिरवी राहतात, हा खरा फायदा आहे, मी नाकारत नाही. फक्त तेवढंच पाणी चार दिवसांत कोसळलं तर उतारावरून वाहून जातं, झाडाच्या हाती काही लागत नाही.

आणि उत्पादकता म्हणजे फक्त लाकूड नाही हो. पहाटे पडलेली मोहफुलं टोपलीत गोळा करणाऱ्या घरांसाठी तीच जंगलाची उत्पादकता. एका एप्रिलमध्ये आमच्याकडे रात्री गारपीट झाली. सकाळी झाडाखाली फुलांचा चिखल होता. घरातल्या बाया टोपल्या तशाच घेऊन परतल्या, ते मी विसरलेलो नाही.

स्वतः बघायचं असेल तर एखादं झाड धरा. पालवीची आणि फुलांची तारीख वहीत लिहा ('सीझनवॉच' या उपक्रमात अशा नोंदी जमा करता येतात). शिवाय जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर खोडाला रंगाची खूण करून तिथला घेर मोजा. एक काळजी घ्या, उन्हाळ्यात खोड किंचित आक्रसतं आणि पहिल्या पावसानंतर फुगतं ते पाण्यानं, लाकडानं नाही. म्हणून नोव्हेंबरचं माप पुढच्या नोव्हेंबरशीच ताडून बघा.