अल्बाट्रॉस मासेमारीच्या गळांत अडकून मरू नयेत म्हणून बोटीवर नेमकं काय करतात? आणि हवामान बदलत असताना त्याचा काही उपयोग आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, उपयोग आहे, आणि आज हातात असलेल्या उपायांत सगळ्यात मोठा उपयोग याचाच आहे. अल्बाट्रॉस हा लांब पंखांचा मोठा समुद्रपक्षी. त्यातला वाँडरिंग अल्बाट्रॉस साधारण दोन वर्षांतून एकच अंडं घालतो, पहिली वीण दहा-अकराव्या वर्षाच्या आसपास करतो आणि पुढे कित्येक दशकं जगतो. एखाद्या वर्षी हवामानामुळे पिल्लं जगली नाहीत तर पुढच्या वर्षांत ती तूट भरून निघू शकते. वयात आलेले पक्षी मरू लागले की निघत नाही. शिवाय पिल्लाला भरवायला आई-बाप दोघंही लागतात. त्यामुळे समुद्रात एक पक्षी बुडाला की घरट्यातलं पिल्लूही बहुधा जातं, आणि मागे राहिलेल्याची नवा जोडीदार मिळेपर्यंत काही वर्षं फुकट जातात. गळ मारतो तो नेमका वयात आलेल्या पक्ष्याला.

आता बोटीवरचं. लाँगलाइन म्हणजे एक मुख्य दोर, ट्यूनाच्या बोटींवर तो शंभर किलोमीटरपर्यंतही असतो. त्याला ठरावीक अंतरावर उपदोर आणि प्रत्येक उपदोराच्या टोकाला आमिष लावलेला गळ. एका खेपेला दोन-तीन हजार गळ सहज पडतात. बोट चालत असते आणि मागच्या बाजूने दोर सोडत जातात. आमिष पाण्यात पडल्यापासून ते पुरेसं खोल जाईपर्यंत जी काही सेकंदं जातात, तेवढ्यातच पक्षी झडप घालतो, गळ चोचीत किंवा घशात रुततो आणि दोराबरोबर तो खाली ओढला जाऊन बुडतो. लाँगलाइनवर जगभरात वर्षाला किमान १,६०,००० समुद्रपक्षी मरतात असा २०११ मधला अंदाज आहे. त्यात अल्बाट्रॉसबरोबर त्यांचे नातलग समुद्रपक्षी पेट्रेलही मोठ्या संख्येने आहेत.

त्यामुळे सगळे उपाय या काही सेकंदांभोवती फिरतात. अल्बाट्रॉस आणि पेट्रेल यांच्या संरक्षणाचा एक आंतरराष्ट्रीय करार २००४ पासून लागू आहे, त्याचं सचिवालय टास्मानियात होबार्टला आहे. ट्यूनाच्या लाँगलाइनसाठी या कराराची शिफारस तीन गोष्टी एकाच वेळी करण्याची आहे: उपदोराला वजन, रात्री दोर सोडणं आणि पक्षी बुजवणारा दोर.

वजनाचं माप पक्कं ठरलेलं आहे. गळापासून अर्ध्या मीटरच्या आत किमान ४० ग्रॅम, एक मीटरच्या आत किमान ६० ग्रॅम, किंवा दोन मीटरच्या आत किमान ८० ग्रॅम. वजन जितकं लांब, तितकं जास्त लागतं, कारण वजन आधी खाली जातं आणि मधला दोर ताणला जाईपर्यंत आमिष वरच तरंगत राहतं. इथे एक खरी अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. दोर ओढताना शार्कने तो कुरतडून तोडला किंवा मासा गळावरून सुटला, तर ताणलेला दोर झटक्यात मागे येतो आणि शिशाचा तुकडा गोळीसारखा खलाशाच्या तोंडावर आदळतो. यात माणसं जायबंदी झाली आहेत, मेलीही आहेत. म्हणून खलाशी वजनाला नाखूश असतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. यावर घसरतं वजन निघालं आहे: दोर तुटला की ते दोरावरून घसरत जाऊन झटका शोषून घेतं किंवा निखळून पडतं. ते न देता फक्त नियम दाखवला तर बंदर सुटल्यावर वजनं काढून ठेवली जातात.

पक्षी बुजवणारा दोर बोटीच्या मागे उंच जागी बांधतात. ३५ मीटर किंवा त्याहून लांब बोटीवर तो पाण्यापासून ८ मीटर उंचीवर असावा आणि त्याचा किमान १०० मीटर भाग हवेत तरंगत राहावा. दोन दोर लावता आले तर उत्तम. लहान बोटींना ६ मीटर उंची आणि ७५ मीटर लांबी पुरते. दोरावर पाच-पाच मीटरवर भडक रंगाच्या पट्ट्या लोंबतात, लांब पट्ट्या पाण्यापर्यंत पोचाव्या लागतात. दोर ताणलेला राहावा म्हणून शेवटी पाण्यात ओढली जाणारी एखादी वस्तू किंवा जाड दोराचा लांब तुकडा लावतात.

१०० मीटर कशासाठी, ते हिशोब केला की कळतं. बोट ८ नॉटने चालली असेल तर सेकंदाला साधारण ४ मीटर जाते, म्हणजे आमिष पट्ट्यांच्या आडोशाला २४-२५ सेकंद असतं. तेवढ्यात ते १० मीटर खोल जायचं तर सेकंदाला ४० सेंटिमीटर वेगाने बुडायला हवं. वजन नसलेला गळ तेवढ्या वेगाने जात नाही. पट्ट्यांचा दोर लावला पण गळाला वजन नाही, तर पक्षी पट्ट्या संपतात तिथे बसून वाट पाहतात. नुसता एखादाच उपाय अपुरा का पडतो, ते यात आलं.

प्रत्यक्षात बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींत. आडवा वारा असेल तर पट्ट्यांचा दोर एका बाजूला वाहतो आणि आमिषं उघडी पडतात, म्हणून तो वारा येतो त्या बाजूला सरकवून बांधावा लागतो. लाँगलाइनच्या बोयांत तो अडकतो. अशा वेळी सुटून जाईल असा कच्चा सांधा ठेवला नसेल तर गुंता होतो, आणि दोन-तीनदा गुंता झाला की तांडेल तो दोर कायमचा खाली ठेवतो. आमिष बोटीच्या पंख्याने उठवलेल्या खळबळीत टाकलं तर पाणीच ते वर उचलून धरतं, म्हणून खळबळीबाहेर फेकावं लागतं. आणि दोर सोडताना माशांची आतडी-डोकी समुद्रात टाकणं म्हणजे पक्ष्यांना आवतण देणं.

रात्रीचा उपाय सगळ्यात स्वस्त. अल्बाट्रॉस मुख्यतः दिवसा किंवा चांदण्यात खातात, म्हणून पूर्ण अंधार पडल्यावर सुरू करून पहाट फुटण्याआधी शेवटचा गळ पाण्यात जायला हवा. पौर्णिमेच्या आसपास हा उपाय लंगडा पडतो. पांढऱ्या हनुवटीचा पेट्रेल तर रात्रीही खातो आणि खोल बुडी मारतो. तो खालून आमिष वर आणतो आणि वर टपलेला अल्बाट्रॉस ते हिसकावून घेतो. वजन रात्रीही लागतं ते याच्यासाठी.

हे तिन्ही नको असतील तर गळच झाकून टाकणारी प्लॅस्टिकची डबी मिळते, हुकपॉड नावाची. ती ठरावीक खोलीवर पाण्याच्या दाबाने आपोआप उघडते. एकट्याने पुरेसा मानला गेलेला हा उपाय आहे, मात्र सुरुवातीचा खर्च जास्त. पक्षी पळवायला लेझर मात्र वापरू नये, पक्ष्यांच्या डोळ्यांना इजा होण्याची भीती आहे.

ट्रॉलरवर गळ नसतात, तिथे जाळं ओढणाऱ्या पोलादी तारा मारतात. टाकलेल्या माशांच्या कचऱ्यावर पक्षी जमतात, उघडलेला पंख तारेवर आपटतो आणि तार त्यांना पाण्याखाली ओढते. दोन्ही तारांच्या बाहेरून पट्ट्यांचे दोर लावले आणि जाळं पाण्यात असताना कचरा टाकणं थांबवलं, तर फरक प्रचंड पडतो. दक्षिण आफ्रिकेच्या हेक माशाच्या ट्रॉलरवर यामुळे अल्बाट्रॉसचे मृत्यू ९९ टक्क्यांनी घटले. शेजारच्या नामिबियात २०१५ मध्ये नियम आले आणि तळाच्या लाँगलाइनवरचे पक्ष्यांचे मृत्यू ९८ टक्क्यांनी कमी झाले. तिथे पट्ट्यांचे दोर वॉल्विस बे बंदरातला महिलांचा एक गट बनवतो. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो: तुटलेला दोर बंदरातच, स्वस्तात बदलून मिळतो, त्यामुळे ‘मिळाला नाही’ ही सबब उरत नाही.

दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती टूथफिश या माशाच्या लाँगलाइनवर १९९७ मध्ये पावणेसहा हजारांच्या आसपास पक्षी मेले होते. रात्री दोर सोडणं, वजन, पट्ट्या आणि विणीच्या उन्हाळ्यात मासेमारी बंद, एवढ्यावर २००० साली हा आकडा दोन डझनांच्या आत आला. तरीही त्या बेटावरचे वाँडरिंग अल्बाट्रॉस पुढेही घटतच राहिले. कारण ते हजारो किलोमीटर उडून खुल्या समुद्रात ट्यूनाच्या बोटींमागे जातात, आणि तिथे कोण काय करतं हे पाहायला फारसं कोणी नसतं. फ्रेंच संशोधकांनी १६९ अल्बाट्रॉसच्या पाठीवर बोटींचं रडार टिपणारी यंत्रं बसवली, तेव्हा आंतरराष्ट्रीय पाण्यात भेटलेल्या बोटींपैकी एक तृतीयांशाहून जास्त बोटींनी आपली ओळख सांगणारी यंत्रणा बंद ठेवलेली आढळली.

हिंद महासागरात ट्यूनाच्या मासेमारीचे नियम ठरवणारा एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे. त्याचा नियम २५ अंश दक्षिणेच्या खाली तिन्हींपैकी कोणतेही दोन उपाय निवडायची मुभा देतो. भारत या आयोगाचा सदस्य आहे. माझ्या मते ही निवडच काढून टाकायला हवी, आणि प्रत्येक बोटीवर कॅमेरे हवेत.

हवामानाचा भाग वेगळा आहे, त्यात बोटीवर करण्यासारखं काही नाही. हवाईच्या वायव्येचं मिडवे बेट लेसन अल्बाट्रॉसचं जगातलं सगळ्यात मोठं विणीचं ठिकाण, आणि ते समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर. २०११ च्या त्सुनामीत तिथे एक लाखाहून जास्त पिल्लं वाहून गेली. त्सुनामी हवामान बदलामुळे येत नाही, पण समुद्र वर चढल्यावर साध्या वादळाच्या लाटा कुठवर येतील ते तिने दाखवलं. म्हणून ओआहू बेटावर उंच जागी पिल्लं हाताने वाढवून नवी वसाहत वसवण्याचं काम २०१५ पासून सुरू झालं. पिल्लू उडायच्या आधी, म्हणजे ते जागा ‘घर’ म्हणून ओळखू लागण्याआधी, हलवावं लागतं. जपानने तोरिशिमाच्या ज्वालामुखीवरून शॉर्ट-टेल्ड अल्बाट्रॉसची ७० पिल्लं २००८ ते २०१२ मध्ये मुकोजिमाला नेली, त्यातली ६९ उडाली. टास्मानियाजवळच्या अल्बाट्रॉस बेटावर पावसाने आणि उन्हाने मातीची घरटी ढासळतात, तिथे २०१७ मध्ये शंभरावर तयार घरटी ठेवली. त्यांत पिल्लं वाचण्याचं प्रमाण साधारण २० टक्के जास्त दिसलं.

तुम्हाला स्वतःला काय करता येईल? परदेशात राहून डबाबंद ट्यूना घेत असाल तर ‘पोल अँड लाइन’ असं लिहिलेला डबा घ्या. ती काठीने एकेक मासा धरायची पद्धत आहे, आपल्या लक्षद्वीपात मिनिकॉयला आणि मालदीवमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि तिच्यात अल्बाट्रॉस मरत नाहीत. लाँगलाइनचा मासा असेल तर विक्रेत्याला लेखी विचारा की बोटीवर तिन्ही उपाय होते का, आणि कॅमेरा होता का.