पिट्युटरीच्या (मेंदूखालच्या ग्रंथीच्या) पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला बसण्याआधी

ग्रंथी काढल्यापासून ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या रसायनात) पडेपर्यंत अजिबात वेळ घालवू नकोस. तुकडे 1 मिलिमीटरपेक्षा मोठे नकोत; नाहीतर आतले मायटोकाँड्रिया फुगतात आणि पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

खरी मजा कणिकांची, म्हणजे पेशीतल्या संप्रेरक साठवणाऱ्या बारीक पिशव्यांची. रॅटच्या प्रोलॅक्टिन (दूध तयार व्हायला लावणारं संप्रेरक) बनवणाऱ्या पेशीत त्या मोठ्या, वेड्यावाकड्या, 600 नॅनोमीटरच्याही पुढे जाणाऱ्या. थायरोट्रॉफमध्ये (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक बनवणाऱ्या पेशीत) जेमतेम 100 ते 150. पण नुसत्या मापावरून पेशीला नाव देऊ नकोस! छेद, म्हणजे बघायला घेतलेला पातळ काप, असतो साधारण 70 नॅनोमीटर जाडीचा. तो कणिकेच्या कडेतून गेला की मोठी कणिकाही बारीकच दिसते. म्हणून भरपूर कणिका मोज आणि खात्रीसाठी इम्युनोगोल्ड (सोन्याचे कण जोडलेल्या प्रतिपिंडांनी संप्रेरक ओळखणं) कर. त्यासाठी एक तुकडा ऑस्मियमशिवाय (पेशी टिकवायला वापरतात ते दुसरं रसायन) वेगळा ठेव, कारण ऑस्मियममुळे प्रतिजन (प्रतिपिंड ज्यांना चिकटतात ते रेणू) बरेचदा झाकले जातात.