अल्बमसाठी एफडी मोडू का?

प्रश्न (पत्र थोडक्यात): मी ३३ वर्षांची आहे, भांडुपला आईबरोबर राहते. अंधेरीतल्या नोकरीतून महिन्याला ५२,००० रुपये हातात येतात, घरखर्च साधारण ४०,०००. गाण्याच्या कार्यक्रमांतून महिन्याला सरासरी १०,००० सुटतात. माझ्या नावावर ७ लाखांची एफडी आहे, ७ टक्क्यांची, मुदत संपायला दोन वर्षं बाकी. मी स्वतः लिहिलेल्या, चाली लावलेल्या गाण्यांचा आणि दोन अभंगांचा मिळून आठ गाण्यांचा अल्बम करायचा आहे; खर्च ४ लाख ८० हजार. तो ऑनलाइन डाउनलोड म्हणून २४९ रुपयांना विकायचा विचार आहे. इन्स्टाग्रामवर ११,००० जण आहेत, त्यातल्या २,००० जणांनी घेतला तरी पैसे निघतात. एक कंपनी सगळा खर्च करायला तयार आहे, पण सर्व हक्क कायमचे मागते. दिवाळीनंतर नोकरी सोडावी असंही मनात आहे. एफडी मोडू का?

उत्तर: एफडी मोडू नका. गाणी मात्र जरूर करा. एकदम आठ न करता आधी तीन करा, आणि ती चालू कमाईतून करा. असं का म्हणतो, ते तुमच्याच आकड्यांवरून सांगतो.

२४९ रुपयांचं डाउनलोड तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विकलं, तर पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे जमा करून देणारी सेवा, साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो. म्हणजे एका विक्रीमागे हातात २४३ रुपये. २,००० विकले गेले तर ४ लाख ८६ हजार. तुम्ही जो आकडा ‘इतकं तरी होईल’ म्हणून धरला आहे, तो गाठला तरी ६,००० रुपये उरतात. शिवाय मोडलेल्या ४ लाख ८० हजारांवरचं वर्षाचं ३३,६०० रुपये व्याज गेलं. मुदतीआधी मोडलं की बँक ठरलेला दरही देत नाही. ठेव जितका काळ राहिली तितक्या काळाचा दर लावते आणि वर बहुधा अर्धा ते एक टक्का कापते. म्हणजे तुमचा चांगला अंदाजसुद्धा तोट्याचा आहे.

आता तो २,००० चा अंदाज. तुमच्या पत्रात याहून कितीतरी मोलाचा आकडा आहे, आणि तो तुम्ही दोन ओळींत उरकलात. दादरच्या छोट्या सभागृहातल्या कार्यक्रमानंतर तुम्ही टेबलावर क्यूआर कोड ठेवला, नंतर दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, आणि एका गाण्याची फाइल ‘हवे तेवढे द्या’ म्हणून दिली. ६४ जणांनी मिळून ९,३०० रुपये दिले. तुम्ही जोडलेली यादी मी नीट पाहिली. कोणी ५१ दिले, बऱ्याच जणांनी १०१, काहींनी ५०१, एकाने १,००१. म्हणजे लोकांनी फाइलची किंमत चुकती केली नाही, शाबासकी म्हणून पाकीट हातात ठेवावं तसे पैसे दिले. त्यातले ११ जण परदेशातले. एका गाण्याला सरासरी १४५ रुपये, आणि तेही तेच गाणं यूट्यूबवर फुकट ऐकता येत असताना!

तुमचा खरा ग्राहक हा आहे. ११,००० जण तुमचं गाणं स्क्रोल करताना ऐकतात. त्यांचं प्रेम खोटं नाही, पण त्यांनी अजून एकदाही पैसे दिलेले नाहीत. निर्णय पैसे दिलेल्या माणसांच्या संख्येवर घ्यायचा. ६४ वरून २,००० म्हणजे एकतीस पट. कर्ज मागायला आलेल्या कुठल्याही धंद्याने बँकेसमोर असा अंदाज ठेवला, तर बँक आधी मधल्या पायऱ्या विचारेल. मीही त्याच विचारतो आहे.

आपल्याकडे गाणी डाउनलोड म्हणून विकण्याचे प्रयत्न मोठ्यांनीही करून पाहिले आहेत. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचं एमपीथ्रीचं दुकान उघडलं आणि २०१३ च्या जूनमध्ये बंद केलं. तेव्हा दहा-पंधरा रुपयांचं पेमेंट ऑनलाइन करणं हीच कटकट होती, आणि चोरीची गाणी सगळीकडे फुकट मिळत होती. पुढे यूपीआयने पहिली अडचण पूर्ण सोडवली. पण तोवर स्ट्रीमिंग आलं, आणि ऐकण्यासाठी गाणं विकत घ्यायची गरजच संपली. त्यामुळे आज डाउनलोड घेणारा माणूस कलाकाराला आधार द्यायचा म्हणून घेतो. अशी माणसं थोडी असतात, पण टिकाऊ असतात. ती प्रत्यक्ष कार्यक्रमांतून तयार होतात, जाहिरातीतून फारशी नाही.

म्हणून तुमच्या खर्चाच्या यादीतले ५०,००० प्रसिद्धीचे आणि १ लाख ४० हजार दोन व्हिडिओंचे आधी बाजूला काढा. उरतात स्टुडिओच्या शिफ्ट आणि वादक मिळून २ लाख १० हजार, मिक्सिंग-मास्टरिंगचे ८०,०००. या हिशेबाने तीन गाणी १ लाख १० हजारांत बसतात. वादकांचे पैसे कमी करू नका, त्यांच्या वाजवण्यातच तुमच्या गाण्याचा दर्जा आहे. तुमची महिन्याची शिल्लक १२,०००, कार्यक्रमांचे १०,०००, त्यातून आईच्या विम्याचे अडीच हजार वजा (त्याचं पुढे लिहितो). राहिले १९,५००. सहा महिन्यांत १ लाख १७ हजार होतात. एफडीला हात लागत नाही. मध्येच एखाद्या शिफ्टचे पैसे आगाऊ द्यायची वेळ आली, तर एफडीवर कर्ज मिळतं. त्याचा दर एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतो आणि ठेव शाबूत राहते. पण तेही दोन-तीन महिन्यांत फिटेल एवढंच घ्या.

तीन गाण्यांचा संच किमान १४९ रुपये ठेवा आणि ‘वर हवे तेवढे द्या’ ही सोय ठेवा. तुमच्या यादीने ती सोय किती कामाची आहे हे दाखवलंच आहे. पहिल्या वर्षात पाच-सहा कार्यक्रम धरून ४०० संच गेले, तर ५८,००० च्या आसपास येतील. म्हणजे खर्चाच्या जेमतेम निम्मे. हे मी मुद्दाम आधीच सांगतो, कारण हा आकडा पाहून तुम्ही खचू नये. हे पैसे तुमच्या शिलकीतले असतील, आईच्या आजारपणासाठी ठेवलेले नसतील, आणि गाणी तुमच्या मालकीची राहतील. दुसऱ्या तीन गाण्यांच्या वेळी मात्र आगाऊ नोंदणी घ्या. निम्मा खर्च नोंदणीतून जमला तरच स्टुडिओ बुक करा.

विकायचं कुठे? दोन दुकानं ठेवा. इथल्या माणसांसाठी यूपीआय चालणारं तुमचं स्वतःचं पान. परदेशातल्यांसाठी बँडकॅम्प. २००८ पासूनचं हे गाण्यांचं ऑनलाइन दुकान डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, विक्री ५,००० डॉलरच्या वर गेली की १० टक्के. पेमेंटचा खर्च जाऊन सरासरी ८२ टक्के कलाकाराला मिळतात असं ते स्वतः सांगतात. सात डॉलरचा संच विकला तर पावणेसहा डॉलरच्या आसपास. २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला हिस्सा सोडतात. तुमचं प्रकाशन अशाच एका शुक्रवारी करा. पैसे पेपॅल या ऑनलाइन पेमेंट सेवेवर येतात, आणि भारतातली पेपॅल खाती एप्रिल २०२१ पासून फक्त परदेशातून पैसे घेऊ शकतात. इथल्यांसाठी वेगळं पान लागतं ते यासाठी. डॉलरचे रुपये करताना पेपॅलचा दर बाजारापेक्षा कमी मिळतो, तेवढा खर्च धरून चला. परदेशातून पैसे आल्याचं प्रमाणपत्र दर महिन्याला उतरवून ठेवा.

बँडकॅम्पची मालकी २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा बदलली. दुकान कोणाचंही असो, गिऱ्हाईकांची यादी तुमच्याकडे हवी. खरेदीदाराने परवानगी दिली तर त्याचा ईमेल तुम्हाला मिळतो, तो जपून ठेवा. त्या ११ जणांना आजच स्वतः लिहा आणि त्यांच्या गावातल्या महाराष्ट्र मंडळात कोण कार्यक्रम ठरवतं ते विचारा. तिथे एक कार्यक्रम मिळाला, तर शंभर डाउनलोडांपेक्षा जास्त पैसे येतील.

स्पॉटिफाय वगैरेंवर गाणी ठेवा, कारण लोक तिथे शोधतात. पण त्या उत्पन्नाचा रकाना शून्यच धरा. बारा महिन्यांत एखादं गाणं १,००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर स्पॉटिफाय २०२४ पासून त्याचे पैसेच देत नाही, आणि आपल्याकडे एका ऐकण्याचा मोबदला रुपयांत नाही, पैशांत मोजावा लागतो. गाणी तिथे पोचवणाऱ्या काही सेवा दरवर्षी फी घेतात. फी थांबली की गाणी उतरतात का, हे करारात वाचूनच पैसे भरा.

आता त्या कंपनीबद्दल. ४ लाख ८० हजार कोणीतरी देतंय याचा मोह मला समजतो, तरी ‘सर्व हक्क कायमचे’ यावर सही करू नका. ध्वनिमुद्रण जो स्वतःच्या खर्चाने करवून घेतो, तोच आपल्या कायद्यात त्याचा मालक. म्हणूनच मी तुमच्या शिलकीतून करा म्हणतो. गीत आणि चाल तुमची आहेच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा करार करूनही कंपनीला देऊन टाकता येत नाही, पण तो पदरात पडायला तुम्ही आयपीआरएसच्या, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेच्या, सभासद हव्यात. त्यांचं कार्यालय मुंबईतच आहे; अर्ज या महिन्यात करा. कंपनीला गाणी द्यायचीच असतील तर तीन वर्षांच्या परवान्याने द्या, मालकीने नाही. वादकांकडून ‘एकरकमी मानधन मिळालं’ असं एक पान सही करून घ्या. ओळखीतल्या माणसांकडूनही घ्या.

दोन अभंगांपैकी एकाला तुमची चाल आहे, तिथे काही अडचण नाही. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. दुसऱ्याची चाल रेडिओवर ऐकलेली आहे असं तुम्ही लिहिलं आहे. ती ज्या संगीतकाराने बांधली, त्याच्या निधनाला ६० वर्षं झाली नसतील, तर त्या चालीवर त्याच्या वारसांचा किंवा ध्वनिमुद्रिका कंपनीचा हक्क असणार. कार्यक्रमात गाणं वेगळं आणि फाइल विकणं वेगळं. परवाना मिळेपर्यंत तो अभंग विक्रीत ठेवू नका, नाहीतर नवी चाल लावा. मला तर नवी चालच ऐकायला आवडेल.

कराची फार चिंता नको. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पगार आणि गाणं मिळून तुम्ही बऱ्याच आत आहात. विक्री मात्र विवरणपत्रात दाखवावीच लागेल, त्यासाठी पगारदारांचा साधा फॉर्म चालणार नाही. स्टुडिओ आणि वादकांची बिलं जपून ठेवा. उलाढाल २० लाखांच्या आत असेतो जीएसटी नोंदणीची गरज नाही.

नोकरी दिवाळीनंतर सोडू नका. एफडीतून ४ लाख ८० हजार गेले की २ लाख २० हजार राहतात, म्हणजे साडेपाच महिन्यांचा घरखर्च. दिवाळी पहाटेचा हंगाम संपला की पुढचे महिने कार्यक्रम कमीच असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सलग बारा महिने गाण्यातून खर्च जाऊन महिन्याला ३०,००० सुटले आणि एफडी ७ लाखांवर तशीच राहिली, की मला पुन्हा लिहा. तेव्हा नोकरी सोडायला मीच सांगेन.

तोवर सगळ्यात तातडीचं काम आईच्या विम्याचं. आई ६२ वर्षांच्या, मधुमेह आहे, आणि आज त्यांना फक्त तुमच्या कंपनीच्या विम्याचं संरक्षण आहे. नोकरी सुटली की तेही जाईल. जुन्या आजारांसाठी विमा कंपन्या जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकतात. म्हणजे आज घेतलेली पॉलिसी, तुम्ही खरोखर नोकरी सोडाल तेव्हा कामी येईल. ५ लाखांच्या विम्याला वर्षाला ३०,००० च्या आसपास हप्ता धरा. वैयक्तिक आरोग्य विम्यावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. कंपनीचा विमा ज्यांचा आहे, त्यांच्याकडेच वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हेही नोकरीत असतानाच विचारून घ्या. अर्जात मधुमेह कधीपासून आहे, कोणती औषधं चालू आहेत, एकही गोष्ट न लपवता लिहा, आणि भरलेल्या अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवा.