काकूंना विचारा : गुरुवारचं काय करायचं?

प्रश्न : काकू, घरात आम्ही पाच जण. आम्ही दोघं नोकरी करणारे, सासूबाई, नववीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. दूध आणि गॅस सोडून खाण्याचा खर्च महिन्याला १२ हजारांत बसवायचं ठरवलंय, पण १५ च्या खाली काही येत नाही. तेलाच्याच ७ पिशव्या लागतात. रविवारी आठवड्याची भाजी आणते. बुधवारपर्यंत मेथी काळी पडते, कोथिंबिरीचा चिखल होतो. गुरुवारी लोकलमधून उतरल्यावर स्वयंपाकाचं त्राण उरत नाही, मग बाहेरून मागवतो, त्यात ८०० रुपये जातात. आठवड्याच्या मेनूचा तक्ता करून फ्रीजवर लावला होता, तो दुसऱ्याच आठवड्यात बारगळला. त्यात मुलगा उसळ दिसली की तोंड फिरवतो. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तक्ता बारगळला ते बरंच झालं. मंगळवारी भेंडी असं लिहून ठेवायचं आणि मंडईत भेंडी जून नि महाग निघाली, की सगळंच कोलमडतं. पुण्यात मी विद्यार्थ्यांची खानावळ चालवायचे तेव्हा वारांचा फळा कधीच लावला नाही. आधी काय खराब होईल ते बघायचं आणि ते आधी कढईत घालायचं, एवढाच नियम.

पण आधी पैशांचं बोलू. महिन्याचे चार गुरुवार, दर वेळी ८००, म्हणजे ३,२००. तुमचे वरचे तीन हजार मला तिथेच सापडले. भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून घासाघीस करून ते सुटणार नाहीत. तेव्हा सगळी आखणी गुरुवारपासून उलटी करा. त्या रात्री चिरणं नाही, वाटणं नाही. पिठलं-भात, मुगाच्या डाळीची खिचडी नि पापड, नाहीतर वरणफळं. वरणफळांची कणीक सकाळच्या पोळ्यांबरोबरच जास्तीची मळून ठेवायची. कुकर होईपर्यंत पोळी लाटून शंकरपाळ्यासारखी कापायची आणि उकळत्या आमटीत सोडायची. वर साजूक तूप. मुलं कुरकुरणार नाहीत, आणि कुरकुरलीच तर त्या दिवशी कुरकुरू द्या.

आता भाजीचा क्रम. पालेभाजी रविवारी रात्री आणि सोमवारी संपलीच पाहिजे. पुढचे दोन दिवस भेंडी, गवार, दोडका, वांगी. गुरुवारनंतर कोबी, लाल भोपळा, सुरण, बटाटा. ही मंडळी थांबायला तयार असतात. पालेभाजीच्या दोनपेक्षा जास्त जुड्या आणूच नका, स्वस्त असल्या तरी. सासूबाईंना मालिका बघताना मेथी निवडायला आवडत असेल तर उत्तमच (त्यांना आधी विचारा, परस्पर समोर जुडी ठेवू नका!). कोथिंबीर धुऊन नाही, कोरडीच निवडून कागदात गुंडाळायची आणि डब्यात ठेवायची. तिची कोवळी देठं टाकू नका, वाटणात घाला.

कडधान्याचं गणित जरा नीट सांगते, कारण आठवडा त्यावर तरतो. रविवारी सकाळी पाव किलो मटकी भिजत घाला. रात्री पाणी पूर्ण निथळून ओल्या फडक्यात सैल बांधा. घट्ट बांधली की मधली मटकी गुदमरते, चिकट होते आणि वास मारते. तुमच्याकडच्या दमट हवेत सोमवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत एक दिवस जास्त. मटकी फुगून दुपटीच्या वर जाते. निम्मीची मंगळवारी उसळ, निम्मी डब्यात घालून फ्रीजमध्ये. ती शुक्रवारपर्यंत वापरा.

मुलाचं म्हणाल, तर माझ्याकडची कॉलेजची पोरंही तशीच होती. उसळ म्हटलं की पानात टाकायची. तीच मटकी, रस्सा जरा झणझणीत, वर फरसाण-कांदा-लिंबू, आणि नाव मिसळ. वाढप्याला पळता भुई थोडी व्हायची. तुम्हीही शुक्रवारी तेच करा. मोडाच्या मुगाचं आलं-मिरची घालून वाटून धिरडं केलं तर त्यात कडधान्य आहे हे त्याला सांगायचीही गरज नाही.

तेलाच्या सात पिशव्या मात्र फार झाल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २,००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटात सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. पाच जणांचे महिन्याला चार किलो, म्हणजे तुपासकट साडेचार लिटरच्या आसपास. पिशवी हातात धरून फोडणीला तेल ओतू नका, पळीने मोजा. आणि पिशवीवरचं वजन वाचत जा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत हल्ली त्याहून कमी असतं, आणि ती 'स्वस्त' म्हणून आपण उचलतो.

प्रश्न : काकू, थंडीत मटार स्वस्त झाले की वर्षभराचे साठवून ठेवावेत का? फ्रीज एका दाराचा आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : वर्षभराचे नकोत. एक किलो शेंगांचे दाणे जेमतेम अर्धा किलो निघतात. म्हणजे शेंगा ४० रुपये किलो असल्या तर दाणे ८० ला पडले, शिवाय सोलायची मेहनत. आधी हा हिशेब दुकानातल्या गोठवलेल्या मटारच्या भावाशी ताडून बघा. परवडलं तर दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग पंचावर पसरून पूर्ण कोरडे करून लहान लहान पिशव्यांत भरा. एका दाराच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा खोल थंड नसतो, त्यात दोनेक महिन्यांचेच ठेवा. आणि वीज फार जात असेल तर हा उद्योग करूच नका, ताजे खा.