आल्या आल्या शुगर विचारू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की पंधरा वर्षांचा मुलगा शाळेत इन्सुलिन घ्यायचं टाळतो, रीडिंग लपवतो, काही विचारलं की दार आपटून खोलीत जातो. टाइप वन डायबिटीस घेऊनच मी त्या वयातून गेलोय, म्हणून लिहितो.

शुगर वाढली म्हणजे प्रत्येक वेळी त्याने हलगर्जीपणा केला असं नसतं. वयात येताना ग्रोथ हार्मोन वाढतं, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि काल पुरलेला डोस आज पुरत नाही. पहाटे तर काही न खाताही शुगर चढते. १९९३ साली निकाल जाहीर झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासातही किशोरवयीन मुलांचं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा) प्रौढांपेक्षा वरच राहिलं होतं. सगळं नीट करूनही मीटरवर २६० येतात, वर "काय खाल्लंस?" ऐकावं लागतं. मग पोरगं १४० सांगून मोकळं होतं आणि वाढलेली शुगर खाली आणायचा करेक्शनचा डोस राहून जातो. खोटेपणापेक्षा मला हा राहिलेला डोस जास्त काळजीचा वाटतो.

म्हणून तो घरात पाऊल टाकताच शुगरचं नाव काढू नका. रात्री जेवणाआधी दहा मिनिटं ठरवा, तेव्हाच दोघांनी रीडिंग बघा. शुगरला चांगली-वाईट म्हणू नका, जास्त-कमी म्हणा. मुलं 'वाईट' हा शब्द स्वतःला लावून घेतात.

पण "आता मोठा झालास, तुझं तू बघ" असंही करू नका. हा आजार सुट्टी देत नाही, माणूस खरंच थकतो. अधूनमधून "आजचं बेसल (दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन) मी देते, तू पडून राहा" एवढं म्हणून बघा. अशा वेळी फार बरं वाटतं.

शाळेत डोस कुठे घ्यायला अवघडल्यासारखं होतं, हे त्यालाच विचारा. एका तरी जवळच्या मित्राला हायपोचं, म्हणजे शुगर फार खाली जाण्याचं, माहीत हवं: शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत तपासणी.

एका बाबतीत मात्र थांबू नका. इन्सुलिन चुकलंय आणि उलट्या, पोटदुखी किंवा खोल-जोरात श्वास सुरू झाला, तर भांडण बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा, तो कीटोअ‍ॅसिडोसिस असू शकतो, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठण्याची जीवघेणी अवस्था.

पुढच्या भेटीत त्याला थोडा वेळ डॉक्टरांशी एकट्याला बोलू द्या. उदासपणा, चिडचिड, वजनाची चिंता, हे आईसमोर निघत नाही. आणि आत काय बोलणं झालं, ते बाहेर आल्यावर खोदून विचारू नका.