१९३८ चा रॉबिन हूड नऊ वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

तुम्ही विचारलंय की ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ हा, श्रीमंतांना लुटून गरिबांना देणाऱ्या इंग्रजी लोककथेतल्या तिरंदाजावरचा १९३८ चा चित्रपट नऊ वर्षांच्या लेकीला दाखवावा का, इतका जुना सिनेमा तिला संथ वाटेल का, आणि ‘हे खरंच घडलं होतं का?’ असं तिने विचारलं तर काय सांगायचं.

दाखवाच. नंतरच्या बऱ्याच रॉबिन हूडपटांत अंधार, चिखल आणि रक्त वाढत गेलं. इथला रॉबिन अन्यायावर मनापासून चिडतो आणि तरीही हसतमुख असतो. लढण्यातला तो आनंद मला दुसऱ्या कुठल्याच रॉबिनमध्ये सापडलेला नाही.

संथ म्हणाल, तर मुळीच नाही. अवघ्या १०२ मिनिटांचा चित्रपट आहे. सुरुवातीलाच रॉबिन मारलेलं हरीण खांद्यावर टाकून नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात भर मेजवानीत शिरतो, ते थेट प्रिन्स जॉनच्या (कैदेत असलेल्या राजा रिचर्डची गादी बळकावू पाहणाऱ्या त्याच्या भावाच्या) पुढ्यात आदळतो आणि तिथेच बसून त्याला बंडाची धमकी देतो. मग पुढे साथीदार होणाऱ्या लिटल जॉनशी ओंडक्यावर लाठ्यांची लढत, फ्रायर टक या साधूच्या पाठीवर बसून ओढा पार करणं, खजिन्याच्या ताफ्यावर झाडांवरून पडणाऱ्या उड्या, सोन्याच्या बाणासाठीची तिरंदाजीची स्पर्धा. मध्ये श्वास घ्यायला जागा आहे ती नायिका मॅरियनच्या प्रसंगांत (आधी ती रॉबिनला नुसता लुटारू समजते), आणि ते प्रसंग चित्रपटाला भक्कम करतात. रॉबिनच्या शेरवुड जंगलात आसऱ्याला आलेली, छळलेली माणसं ती डोळ्यांनी बघते आणि तिचं मत बदलतं. पुढे रॉबिनला फासावरून सोडवण्याची युक्तीही तिचीच असते. तुमच्या मुलीला हे दाखवायलाच हवं. ऑलिव्हिया डी हॅविलंड तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांच्या होत्या, पण मॅरियनच्या मनातला बदल त्या जवळजवळ फक्त डोळ्यांतून दाखवतात.

आता रंगांबद्दल. जुन्या चित्रपटांचे रंग ‘भडक’ असतात असं आपण सहज म्हणून जातो. इथे ते मुद्दाम योजलेले आहेत. टेक्निकलर या तेव्हाच्या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्राच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश प्रिझममधून विभागला जाई आणि तीन वेगवेगळ्या कृष्णधवल फिती एकाच वेळी फिरत. त्या तीन फितींवरून पुढे एकेक रंग चढवून प्रत तयार व्हायची. कॅमेरा अवजड, प्रकाश प्रचंड लागायचा, खर्चही तसाच. जवळपास २० लाख डॉलर लागले, वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओने तोवर एका चित्रपटावर इतका पैसा कधीच घातला नव्हता. म्हणून माझा आग्रह एवढाच, की इंटरनेटवरची फिकट, खरवडलेली प्रत लावू नका. पुनरुज्जीवित केलेली प्रत मिळवा. हिरवं रान आणि त्यात रॉबिनच्या माणसांचे हिरवे-तपकिरी कपडे, उलट किल्ल्यातल्या सरदारांची लाल-सोनेरी श्रीमंती, ही अर्धी गोष्ट रंगच सांगतात. वाईट प्रतीत ती हरवते.

शेरवुड म्हणून दिसणारं ते रान कॅलिफोर्नियातलं आहे, चिको गावाजवळचं बिडवेल पार्क. चित्रीकरण १९३७ च्या शरदात विल्यम कीली यांच्या दिग्दर्शनाखाली सुरू झालं. काम वेळापत्रकाच्या मागे पडलं, तेव्हा स्टुडिओने मायकेल कर्टिझ यांना आणलं. श्रेयनामावलीत दोघांचीही नावं आहेत. कर्टिझ बुडापेस्टचे, नायक एरॉल फ्लिन टास्मानियातल्या होबार्टचा, डी हॅविलंड यांचा जन्म टोकियोचा, संगीतकार ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाचा. इंग्लंडच्या लोककथेला पडद्यावरचं सर्वांत लाडकं रूप दिलं ते अशा जगभरातून आलेल्या माणसांनी, आणि मला ही गोष्ट फार आवडते.

त्या संगीतकाराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चित्रपटाचा प्राण तिथे आहे. एरिख वोल्फगांग कॉर्नगोल्ड हे व्हिएन्नाच्या संगीतविश्वात लहानपणापासून गाजलेले, ज्यू घराण्यातले. १९३८ च्या सुरुवातीला वॉर्नरच्या बोलावण्यावरून ते हॉलिवूडला आले, चित्रपट पाहिला आणि नकार दिला. एवढी मारामारी असलेल्या चित्रपटाला संगीत देणं आपलं काम नाही, असं त्यांना वाटलं. त्याच दिवसांत ऑस्ट्रियातून वाईट बातम्या येऊ लागल्या. त्यांनी काम स्वीकारलं, तेही आठवड्याच्या बोलीवर. मार्चमध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि कॉर्नगोल्ड यांचं व्हिएन्नातलं घर जप्त झालं. या चित्रपटाने आपला जीव वाचवला, असं ते पुढे सांगत. हे माहीत असलं की जुलमी सत्तेविरुद्ध जंगलात जमलेल्या माणसांसाठी त्यांनी लिहिलेलं ते दणदणीत, उमेदीने भरलेलं कूचगीत वेगळंच ऐकू येतं. या कामासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. कला दिग्दर्शन आणि संकलन धरून चित्रपटाला एकूण तीन ऑस्कर मिळाली.

बाणांचं कामही खरं आहे. हॉवर्ड हिल नावाचे अव्वल तिरंदाज नेमले होते. बाण लागून पडणाऱ्या माणसांच्या कपड्यांखाली संरक्षक पत्रा आणि मऊ लाकूड बांधलेलं असे, आणि हिल त्यावर खरोखर बाण मारत. तलवारबाजी फ्रेड कॅव्हन्स यांनी बसवली. खलनायक गिसबर्न झालेले बॅसिल रॅथबोन हे तलवारीत फ्लिनपेक्षा सरस होते, आणि शेवटच्या द्वंद्वात ते दिसतं. जिन्यावरून लढत खाली येते, मेणबत्त्यांचं भलंमोठं झाड आडवं होतं आणि मग दोघेही चौकटीबाहेर जातात. खांबावर फक्त त्यांच्या सावल्या लढत राहतात. तिथे मुलीला काही समजावत बसू नका, बघू द्या.

लहान मुलांच्या दृष्टीने सावध करण्यासारखं थोडंसंच आहे. अत्याचारांची काही झटपट दृश्यं आहेत, फाशीची तयारी आहे, माणसं मरतात. रक्त जवळजवळ दिसतच नाही.

‘खरं घडलं का?’ या प्रश्नावर मात्र तिला सरळ सांगा: रॉबिन हूड नावाचा असा एक माणूस होऊन गेला, हे कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका इंग्रजी काव्यात रॉबिन हूडच्या गाण्यांचा उल्लेख येतो, म्हणजे तोवर ती लोकांच्या तोंडी होती. त्या जुन्या पोवाड्यांतला रॉबिन सरदार नाही, साधा स्वतंत्र शेतकरी वर्गातला आहे. त्यांत मॅरियन नाही, आणि राजाचं नाव रिचर्ड नव्हे, एडवर्ड आहे. रिचर्डचा काळ सोळाव्या शतकात जोडला गेला, सरदारकी त्याच शतकाच्या अखेरीस नाटकातून आली. इंग्लंडमधले जुने रहिवासी सॅक्सन विरुद्ध फ्रान्समधून येऊन राज्यकर्ते झालेले नॉर्मन हा झगडा तर एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीने लोकप्रिय केला. चित्रपट हे सगळे थर एकत्र घेतो, पण एक चांगली गोष्ट करतो: आपला राग नॉर्मनांवर नाही, अन्यायावर आहे, असं त्याचा रॉबिन स्पष्ट बोलतो.

राजा रिचर्डच्या सुटकेसाठीच्या खंडणीचा भाग मात्र इतिहासातला आहे. धर्मयुद्धावरून परतताना डिसेंबर ११९२ मध्ये रिचर्डला ऑस्ट्रियाचा ड्यूक लिओपोल्ड याने पकडलं. सुटकेसाठी १,५०,००० मार्क (तेव्हाच्या हिशेबातलं नाणं) मागितले गेले आणि इंग्लंडवर जबर कर बसले. चित्रपटात तो पैसा जॉन स्वतःसाठी लाटतो. इतिहासात वसुली झाली ती खरोखर रिचर्डच्या सुटकेसाठी, आणि जॉनने फ्रान्सच्या राजाबरोबर उलट रिचर्डला कैदेतच ठेवा म्हणून पैसे देऊ केले होते. शिवाय रिचर्ड आपल्या दहा वर्षांच्या राजवटीत इंग्लंडमध्ये सगळे मिळून सहाएक महिनेच राहिला. शेवटी परतणारा दयाळू राजा बघून मुलगी भारावली, तर हे तिला चित्रपट संपल्यावर सांगा, मध्येच थांबवून नको.

तिला आवडला तर १९२२ चा डग्लस फेअरबँक्स यांचा मूकपटही दाखवून बघा. त्यात रॉबिन जंगलात पोहोचायलाच बराच वेळ जातो, त्यामुळे तो आधी लावू नका. आणि लिटल जॉनकडे लक्ष ठेवायला सांगा: ॲलन हेल यांनी ही भूमिका १९२२ मध्ये केली, १९३८ मध्ये केली आणि १९५० साली आलेल्या आणखी एका चित्रपटातही तेच लिटल जॉन होते.