किक्ड अपस्टेअर्स: बढती की गच्छंती?

प्रश्न असा आहे: ‘ही वॉज किक्ड अपस्टेअर्स’ (शब्दशः, त्याला लाथ मारून वरच्या मजल्यावर धाडलं) या इंग्रजी वाक्यातल्या माणसाला बढती मिळाली की त्याची गच्छंती झाली?

दोन्ही. हुद्दा वाढला, अधिकार गेला. नको असलेल्या माणसाला काढणं अवघड असतं, कधी तो फार ज्येष्ठ असतो, कधी त्याच्या मागे लोक असतात. मग त्याला मोठ्या नावाचं पण रिकाम्या हातांचं पद देतात.

या प्रयोगामागे एक खरा किस्सा आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या दरबारात लॉरेन्स हाइड, म्हणजे रोचेस्टरचा अर्ल, खजिना सांभाळत होता. 1684 मध्ये त्याला तिथून उचलून प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचा, लॉर्ड प्रेसिडेंट केलं. मानाने हे पद वरचं, पण पैशाच्या नाड्या आणि नेमणुका खजिन्याकडे. त्याचा प्रतिस्पर्धी हॅलिफॅक्स तेव्हा अशा अर्थाचं बोलल्याचं सांगतात, की लाथ खाऊन जिन्यावरून खाली गेलेले बरेच ऐकले होते, वर गेलेला हा पहिलाच. पुढे ब्रिटिश राजकारणात हाउस ऑफ कॉमन्समधल्या अडचणीच्या नेत्याला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये धाडलं की हेच शब्द वापरले जाऊ लागले, आणि तिथलं सभागृह ‘वरचं’ असल्यामुळे ते चपखल बसले.

मराठीत सगळ्यात जवळचं म्हणजे ‘मखरात बसवणे’. मान भरपूर, हालचाल शून्य. फक्त मखरात लाथ नाही; इंग्रजीतला बोचरेपणा सगळा त्या ‘किक’मध्ये आहे. ‘अडगळीत टाकणे’ मला पटत नाही, कारण त्यात बढतीचा देखावा हरवतो. बातमी लिहायची असेल तर ‘शोभेचं पद देऊन दूर सारलं’ हे सरळ आणि पुरेसं.

एक सावधगिरी. हा प्रयोग बहुतेक वेळा कर्मणी येतो आणि लाथ मारणारा वाक्यात सहसा नसतो, पण हेतू मात्र उघड असतो. म्हणून अभिनंदनाच्या ईमेलमध्ये तो चुकूनही नको. स्वतःबद्दल कुणी म्हटलंच, तर ती थट्टा असते.

याच्याशी पीटर प्रिन्सिपलची गल्लत फार होते. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांच्या 1969 च्या पुस्तकातलं तत्त्व असं: चांगलं काम करणाऱ्याला बढती मिळत जाते आणि जे काम जमत नाही त्या पायरीवर तो अडकतो. तिथे बढती देणाऱ्याचा हेतू प्रामाणिक असतो, इथे नसतो. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात आपल्या लाथेलाही भारदस्त नाव दिलंय, ‘पर्कसिव्ह सब्लिमेशन’, आणि तिची गणना खोट्या बढत्यांमध्ये केली आहे. तिचं भावंड ‘लॅटरल अ‍ॅराबेस्क’: पातळी तीच, कधी पगारही तोच, पदनाम लांबलचक आणि खोली इमारतीच्या दूरच्या कोपऱ्यात. हे नाव बोलण्यात रुळलं नाही याचं मला वाईट वाटतं.

‘मूव्ह्ड साइडवेज’ म्हणजे त्याच पातळीवर बदली, त्यात बढतीचा आव नाही. ‘पुट आउट टु पास्चर’ आणि ‘गोल्डन हँडशेक’ यांत माणूस कामावरून जातो, दुसऱ्यात भरघोस रक्कम घेऊन. ‘ग्लास क्लिफ’ वेगळंच प्रकरण: संस्था अडचणीत असताना एखाद्या स्त्रीला सर्वोच्च पदावर नेमायचं, म्हणजे कडेलोटाचा धोका तिच्या वाट्याला. हा शब्द मिशेल रायन आणि अ‍ॅलेक्स हॅस्लम या संशोधकांचा. तिथे अधिकार खरा असतो, म्हणून त्याला ‘किक्ड अपस्टेअर्स’ म्हणता येत नाही.

वाक्यात नवं पद सांगायचं तर पुढे ‘टु’ लावायचं: ‘किक्ड अपस्टेअर्स टु द लॉर्ड्स’. कंपनीच्या अधिकृत पत्रकात हे कधी दिसणार नाही. तिथे ‘मूव्ह्ड टु अ‍ॅन अ‍ॅडव्हायझरी रोल’ असं लिहितात.